पॉलिशकाका आणि सोळा गाड्या

माझ्या गाडीवर त्यांनी पहिल्यांदा हात ठेवला तो प्लास्टिकची पिशवी घालून.

ठाकुर्लीला राहायला येऊन मला महिनाच झाला होता. नौपाड्यात माझा दातांचा दवाखाना आहे. रोजच्या ये-जा करण्याने कंबर बोलायला लागली, म्हणून मी एक जुनी लाल गाडी घेतली होती. रविवारी सकाळी ती स्वतः धुऊन, कमरेवर हात ठेवून मी तिच्याकडे कौतुकाने बघत उभी होते. तेवढ्यात बी विंगमधून एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आले. त्यांनी नमस्कार नाही, नाव-गाव नाही, खिशातून पोह्यांची रिकामी पिशवी काढली, उजव्या हातात मोज्यासारखी चढवली आणि डोळे मिटून बोनेटवरून बोटं फिरवली.

"ऐका," ते म्हणाले.

मी कान दिला. कर्र, कर्र असा बारीक आवाज येत होता.

"तुम्हाला वाटतंय गाडी स्वच्छ झाली. हा रवा आहे रवा. पास नाही."

एवढं बोलून त्यांनी पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि ते निघून गेले. माझ्या हातातला पाण्याचा मग तसाच राहिला.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो ओळख होण्याआधीच तुमच्या वस्तूत दोष काढतो. आपल्याला राग येतो. पण हे गृहस्थ दहा मिनिटांनी परत आले, हातात दोन बादल्या, एक फवारा आणि साबणाच्या वडीएवढा, रंगावरची खर उचलून घेणारा मातीचा गोळा घेऊन. आमची सोसायटी रुळांना लागून आहे. लोकलच्या ब्रेकमधून उडणारी लोखंडाची भुकटी येऊन रंगात रुतते, हे त्यांनी मला समजावलं. मग बोनेटवर फवारा मारला. मिनिटभरात लाल रंगावरून जांभळे ओघळ वाहायला लागले.

"अहो, हे काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"लोखंड सुटतंय. रडू दे तिला. बरं वाटेल."

सोसायटीतली मुलं त्यांना पॉलिशकाका म्हणत. मोठेही तेच म्हणत, फक्त त्यांच्या पाठीमागे. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी तेहतीस वर्षं मालाची तपासणी केली होती. पास की नापास, एवढंच रोज ठरवायचं. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, तेव्हा त्यांची नजर पार्किंगकडे वळली. त्यांनी एक पॉलिशचं मशीन आणलं, फोमच्या गोल गाद्या आणल्या आणि दर रविवारी कुणाची ना कुणाची गाडी घासायला घेतली. कुणाकडून एक पैसा घेतला नाही. उलट गाडी देणाऱ्यानेच उपकार केल्यासारखं त्याला चहाला बोलवायचे.

त्यांचं मुख्य वैर होतं ते 'जाळ्या'शी. तुम्ही उन्हात उभ्या गाडीकडे नीट पाहिलंत तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. आपल्याला ते दिसत नाहीत, कारण आपण बघत नाही. काका भर दुपारीसुद्धा टॉर्च घेऊन ते बघत. एकदा आमच्याकडे आलेल्या पाहुण्याने त्यांना असं वाकून टॉर्च मारताना पाहिलं आणि वॉचमनला सांगितलं, "कोणीतरी गाडी फोडतोय." वॉचमन जागचा हलला नाही. म्हणाला, "ते आमचे काका आहेत. ते फोडत नाहीत, नावं ठेवतात."

मी दातांची डॉक्टर आहे हे कळल्यावर मात्र माझा भाव वधारला.

"म्हणजे तुम्हीही पॉलिशच करता की! किती स्पीडवर?"

मी सांगितलं.

"पेस्ट कसली? जाड की बारीक?"

तेही सांगितलं.

"मग तुम्ही आमच्याच लाइनीतल्या," असं म्हणून ते इतके मोकळे हसले की मला त्यांचे दात दिसले. चाळीस वर्षांच्या चहा-सुपारीचा थर होता. जगातल्या प्रत्येक बोनेटवरचा डाग ज्यांना झोपू देत नसे, त्यांनी स्वतःचे दात कधी आरशात पाहिलेलेच नसावेत. तिथल्या तिथे आमचा करार झाला. ते माझी गाडी करणार, मी त्यांचे दात. खुर्चीत आडवे पडल्यावर तोंडात मशीन असतानाही ते काहीतरी पुटपुटत होते. मशीन बाहेर काढलं तेव्हा कळलं, ते म्हणत होते, "बेअरिंग पास आहे."

घरातही हीच भाषा चालायची. एकदा मी गेले तेव्हा काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. काकांनी एक घास घेतला, विचार केला आणि निकाल दिला, "चव पास. मोकळेपणा पास नाही."

"ह्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा मी पास झाले ते एक नशीबच," काकू मला म्हणाल्या. "आणि ती खाली उभी आहे ना निळी गाडी, तो आमचा बाळकृष्ण. रोज स्नान, रोज वस्त्र, आणि बाहेर म्हणून कुठे न्यायचं नाही. अगं, परवा कल्याणला लग्नाला गेलो तर रिक्षाने! का, तर म्हणे पत्री पुलाजवळ धूळ असते."

"असतेच," काका म्हणाले.

सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या मामांवर काकांचा फार राग होता. मामा एकाच ओल्या बनियनच्या तुकड्याने बावीस गाड्या पुसत. काका त्या तुकड्याला 'वाळूकागद' म्हणत. शेवटी त्यांनी मामांना सहा मऊ, महागडी, खास गाडीची कापडं भेट दिली आणि कसं पुसायचं ते तासभर शिकवलं. मामांनी सगळं मान हलवून ऐकलं. आठ दिवसांनी पाहतात तर मामांच्या हातात तोच बनियनचा तुकडा.

"अहो, कापडं कुठे गेली?"

"साहेब, नात झाली ना मला. तिला दुपटी शिवली. काय मऊ आहेत हो! गाडीला कशाला वाया घालवायची?"

काकांनी तो बनियनचा तुकडा चिमटीत धरून बघितला आणि मामांना परत दिला. मग म्हणाले, "वापर पास आहे," आणि आणखी सहा कापडं आणायला वर गेले.

आता माझं पाप सांगते. गाडी घेऊन तीन-चार महिने झाले असतील. एका दुपारी रिव्हर्स घेताना मागून 'खर्र' असा आवाज आला. उतरून बघते तर माझ्या बंपरने काकांच्या निळ्या गाडीच्या दारावर वीतभर लाल रेघ ओढली होती. बाळकृष्णाच्या गालावर! आजूबाजूला कोणी नव्हतं. मी गाडीत बसले आणि चक्क निघून गेले. दोन दिवस मी सोसायटीत मागच्या जिन्याने ये-जा केली. दवाखान्यात एका पेशंटची चुकीची दाढ भरायला घेतली होती, असिस्टंटने वेळेवर थांबवलं.

तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. काकांच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," काका म्हणाले. "लाल रंग तुमच्या एकटीच्याच गाडीला आहे. मी तुमची वाट बघत होतो."

"काका, मला खरंच माफ करा. मी कुठूनही नवीन रंग मारून देते."

"रंग?" ते दचकले. मग हळूच दार लोटून घेतलं, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून. "अहो डॉक्टर, दोन वर्षं झाली, त्या दारावर मला करायला काही उरलंच नव्हतं. चला खाली."

एवढा आनंदी अपघातग्रस्त माणूस मी पाहिला नाही. त्यांनी दाराच्या कडांना चिकटपट्टी लावली, मशीन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्ही केलंत, तुम्हीच काढा. दाबू नका. रंगावर एक पारदर्शक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याइतका. दर वेळी त्यातलाच थोडा जातो. गेला की परत येत नाही. आधी जाड गादी, मग मऊ." तासाभरात रेघ गेली. त्या दारात मला माझा घामेजलेला चेहरा स्पष्ट दिसला. दुसऱ्याच्या वस्तूवरचा आपला डाग आपल्याच हाताने जाताना बघणं, ह्यासारखं सुख नाही.

त्यानंतरची दोन वर्षं आमचे रविवार असेच गेले. मग मला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं.

काकांनी माझी गाडी पुन्हा एकदा केली. सावलीत ती झकास दिसत होती. शीळ फाट्याला सिग्नलला उभी राहिले, समोरून ऊन आलं, आणि पाहते तर अख्ख्या बोनेटवर ओल्या फडक्याने फळा पुसल्यासारखे पट्टे. मला वाटलं, आपल्यालाच कळत नसेल. पण पुढच्या रविवारी पहिल्या मजल्यावरच्यांच्या राखाडी गाडीवर तेच. आणि सेक्रेटरींची काळी गाडी तर बघवत नव्हती.

सेक्रेटरी इथले मूळचे. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या आजोबांची. कुणाचीही भीड न ठेवणारा माणूस. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला दिसलं का?"

"दिसतंय ना! काली गारी हाय माझी, रांगोली काढलेय तिच्यावर काकांनी," ते हळू आवाजात म्हणाले. "पन सांगनार कोन? म्हातारा इतक्या मायेनं घासतो. मी कव्हर घेतलंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेल्या काही महिन्यांत सोसायटीत एकामागून एक गाड्यांना कव्हरं चढली होती. सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळ्यांनी काही न बोलता गाड्या झाकल्या होत्या. काका मात्र खूश. मला म्हणाले, "बघा, लोकांना हळूहळू रंगाची किंमत कळायला लागली."

पुढच्याच आठवड्यात ते दात दाखवायला दवाखान्यात आले. समोरच्या भिंतीवर माझ्याकडे दाढेच्या आतल्या भागाचं मोठं चित्र आहे, वरचं कवच, खालची मुळं. काका खुर्चीत पडल्या पडल्या त्याच्याकडे प्रेमाने बघत म्हणाले, "हा किल्ला कुठला हो? बुरूज छान आलेत."

मी हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"काका, डोळे कधी तपासलेत?"

"माझे डोळे? तेहतीस वर्षं तपासणीत काढली मी, डॉक्टर. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

मी काकूंना सांगून पाहिलं. काकू म्हणाल्या, "अगं, मी वर्षभर सांगतेय. विषय काढला की उठून खाली जातात. घाबरतात ग, ऑपरेशनला घाबरतात."

म्हणजे सांगण्याचं काम माझ्यावर आलं. दारावरची रेघ कबूल करताना मला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी आता वाटत होती. तेव्हा चूक माझी होती. आता त्यांची चूक त्यांना दाखवायची होती, आणि त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणून काही होतं तर ती तपासणारी नजरच होती. चार दिवस शब्द जुळवले. रविवारी खाली गेले तर ते मशीनला नवी गादी लावत होते आणि पाचव्या मजल्यावरच्यांच्या नव्याकोऱ्या गाडीकडे बघत होते. मुलीच्या लग्नासाठी घेतलेली, आठच दिवसांपूर्वी आलेली. जुळवलेले शब्द विसरले.

"काका, नका करू. माझ्या गाडीवर पट्टे आहेत. सगळ्यांच्याच गाड्यांवर आहेत. तुम्हाला दिसत नाहीयेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मशीनची वायर काढली, ती सावकाश गुंडाळली, एक पीळ पडला तो सोडवून पुन्हा गुंडाळली, आणि बादल्या उचलून ते वर गेले. 'पास नाही' असंसुद्धा म्हणाले नाहीत.

पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. लिफ्टमध्ये भेटले तर मजल्यांच्या बटणांकडे बघायचे. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "उगाच बोलले मी. लोकांनी कव्हरं घेतली तेच शहाणपणाचं होतं." तो म्हणाला, "तूही घे कव्हर." मी घेतलं नाही.

सोळाव्या दिवशी काकूंचा फोन आला. "अगं, आज सकाळी स्वतःच म्हणाले, चल, डोळेवाल्याकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? तर म्हणाले, पॉलिश."

महिन्याभराच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पाण्यात हात नाही, धुळीत जाणं नाही, वाकणं नाही, म्हणून काकांना घराबाहेर पडू द्यायचं नाही असं काकूंनी ठरवलं. घरात बसून त्यांनी घराची तपासणी केली. खिडकीच्या काचा पास नाहीत. बाथरूमच्या टाइल्स पास नाहीत. "आणि माझ्याकडे बघून म्हणतात, तुझे केस कधी पांढरे झाले?" काकू सांगत होत्या. "मी म्हटलं, तुम्ही खाली गाड्या घासत होतात तेव्हा."

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मोकळीक दिली. रविवार होता, दहाचं ऊन पार्किंगमध्ये तिरपं येत होतं. काका काळा चष्मा लावून खाली आले. आधी निळ्या गाडीपाशी गेले. चष्मा काढला. बोनेट बघितलं, दारं बघितली, टप बघितला. मग एकेका गाडीजवळ जाऊन ते कव्हरं उचलून बघत गेले. सेक्रेटरींच्या काळ्या गाडीचं कव्हर त्यांनी उचललं आणि तसंच हातात धरून उभे राहिले. मी बाल्कनीतून बघत होते. खाली जावं की नाही, कळेना. गेले.

ते पार्किंगच्या कठड्यावर बसले होते.

"सोळा गाड्या आहेत," ते म्हणाले. "सोळाच्या सोळा. हे मी केलंय?"

"काका, डोळ्यांनी केलं."

"कंपनीत असा माल गेला असता तर मी काय केलं असतं माहितेय? एकूणएक परत मागवला असता."

आणि त्यांनी खरोखर तेच केलं. त्याच संध्याकाळी ते कागद-पेन घेऊन मजल्या-मजल्यावर गेले. दार उघडलं की सरळ म्हणायचे, "तुमची गाडी मी खराब केलीय. माल परत घेतोय. कुठला रविवार सोयीचा?" लोकांची पंचाईत झाली. कोणी म्हणे, "अहो, कुठे काय, मस्त आहे की." काका म्हणायचे, "मग कव्हर कशाला घेतलंत?" पाचव्या मजल्यावरच्यांची ती लग्नातली गाडी मात्र नव्यासारखीच होती. तिच्यासमोर ते मिनिटभर थांबले आणि मला म्हणाले, "वाचली बिचारी." एवढेच त्यांनी मला दिलेले धन्यवाद.

दर रविवारी एक गाडी, तसं ते तीन-चार महिने चाललं. आधीच पातळ झालेला तो कांद्याचा पापुद्रा आणखी जाऊ नये म्हणून काका आता फक्त मऊ गादी वापरत आणि दर पाच मिनिटांनी मशीन थांबवून उन्हात बघत. काळी गाडी शेवटी ठेवली होती. तिला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी खाली आले, गाडीपुढे उभे राहिले, खिशातून कंगवा काढून बोनेटमध्ये बघून भांग पाडला आणि म्हणाले, "काका, आता गारी चालवाची का आरशाला लावाची?"

काका मोठ्याने हसले. दात पांढरे होते. आमचा करार मी पाळला होता.

पुढच्या दिवाळीनंतर एका सकाळी चहा घेता घेता ते गेले. कप बशीत नीट ठेवलेला होता, असं काकूंनी सांगितलं. त्यांची मुलगी नागपूरहून येईपर्यंत दुपार झाली. खाली सगळी सोसायटी जमली होती. चारच्या सुमाराला त्यांना न्यायला शववाहिका आली. पांढरी, पण पांढरी म्हणायची फक्त. पायदानापासून काचेपर्यंत चिखल, मागच्या दाराला कुठल्या तरी रस्त्याचा थर.

काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मुलीचा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी त्या गाडीकडे पाहिलं.

"ह्या गाडीतून ते जायचे नाहीत," त्या म्हणाल्या.

मग सेक्रेटरींनी बाह्या वर केल्या आणि टाकीवरच्या माणसाला ओरडले, "पानी चालू कर रे!" पुढच्या पंधरा मिनिटांत जे झालं ते मी कुठे पाहिलं नव्हतं. पांढरे शर्ट घातलेले पुरुष बादल्या घेऊन धावले. पहिल्या मजल्यावरचे टपावर पाणी ओतत होते. सकाळीच काम आटपून गेलेले मामा बातमी ऐकून परत आले होते, ते चाकांपाशी बसून चिखल काढत होते. ड्रायव्हर घड्याळ दाखवत म्हणत होता, "अहो साहेब, मला अजून विठ्ठलवाडीला जायचंय, ही काय लग्नाची गाडी आहे का?" त्याला कोणीतरी चहा दिला आणि कठड्यावर बसवला. मी पदर खोचून पुढची काच पुसत होते. वरून खाली, कुठेही गोल न फिरवता.

मग काकांना आणलं.

गाडी गेटबाहेर पडली तेव्हा टपावरून अजून पाणी ठिबकत होतं. आम्ही सगळे मागे उभे होतो, ओल्या कपड्यांनी. मागच्या दारावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब ओरखडा होता. चिखलाखाली तो कोणाला दिसला नव्हता. आता उन्हात तो अगदी स्वच्छ दिसत होता.